वडाप, व्हॅन आणि दारापर्यंतची सेवा: गाड्यांचा खर्च तंत्रज्ञानानं कसा उतरवायचा? कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर आणि आसपास दोन-चार ते वीस-पंचवीस गाड्या सांभाळणाऱ्यांसाठी हे पान आहे. दिव्यांग मुलांच्या शाळा, डायलिसिसच्या पेशंटची ने-आण करणारे ट्रस्ट, ज्येष्ठांना दवाखान्यात पोचवणारी मंडळं, शिरोली-गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामगार सोडणारे मालक असे सगळे यात आले. अशा बहुतेक सेवांना पॅराट्रान्झिट म्हणतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "कुठला जीपीएस घेऊ?" त्याचं उत्तर या पानावर बरंच खाली आहे, आणि ते मुद्दामच.

पॅराट्रान्झिट म्हणजे नेमक्या कुठल्या गाड्या?

केएमटी (कोल्हापूरची शहर बस) किंवा एसटीसारखा ठरलेला मार्ग आणि ठरलेलं वेळापत्रक नसलेली, प्रवाशाच्या गरजेप्रमाणे वळणारी सार्वजनिक वाहतूक. आपल्याकडचं वडाप (वाटेत माणसं चढवत-उतरवत जाणारी खासगी गाडी) आणि शेअर रिक्षा यात येतात, आणि दिव्यांगांना घरातून उचलून घरी सोडणारी व्हॅनही. अमेरिकेत १९९० च्या दिव्यांग हक्क कायद्यानं बस चालवणाऱ्या संस्थांवर अशी सेवा बंधनकारक केली, म्हणून तिकडं हा शब्द मुख्यतः दिव्यांग सेवेसाठीच वापरतात. आपल्याकडं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सुगम वाहतुकीचं कलम आहे, पण दारापर्यंतची सेवा अजून बहुतांश संस्था आणि खासगी मालकांच्याच खांद्यावर आहे. खाली भर याच सेवेवर दिला आहे, कारण एका प्रवाशामागं सर्वांत जास्त खर्च तिथंच येतो.

डिझेल महागलं म्हणून परवडत नाही. मग सॉफ्टवेअर काय करणार?

डिझेलचा दर आपल्या हातात नाही. ते जाळायचं कुठं, हे आहे. एक हिशेब मांडू. गाडी दिवसाला १०० किलोमीटर धावते, त्यातले ३५ किलोमीटर आत प्रवासीच नाही. ॲव्हरेज १० चं, डिझेल ९० रुपये धरलं तर रिकामं धावण्यावर रोज ३१५ रुपये जातात. महिन्याचे २५ दिवस धरले तर ७,८७५ रुपये. टायर, ऑइल, क्लचप्लेट यांची झीज वेगळी.

दुसरा खर्च उभं राहण्याचा. सीपीआर रुग्णालयाच्या दारात एसी चालू ठेवून तासभर थांबलेली डिझेल गाडी अर्धा ते एक लिटर सहज पिते. ड्रायव्हरचा तो तासही पगारी असतो.

तिसरी गोष्ट बहुतेक जण मोजतच नाहीत. ड्रायव्हरचा पगार, बँकेचा हप्ता, विमा, टॅक्स, पासिंग हे सगळं गाडी धावली तरी द्यायचं आणि उभी राहिली तरी. समजा एका गाडीचा महिन्याचा एकूण खर्च ६०,००० रुपये आहे आणि ती ६०० प्रवासी-फेऱ्या करते, तर एक फेरी १०० रुपयांना पडली. तीच गाडी जवळपास तेवढ्याच खर्चात ७५० फेऱ्या करू लागली तर ८० रुपयांना. डिझेलमध्ये काटकसर करून एवढा फरक पडणं अवघड. त्यामुळं ॲव्हरेजची वही ठेवत असाल तर चांगलंच आहे, पण तिच्या शेजारी आणखी दोन रकाने ओढा: "रिकामे किलोमीटर" आणि "गाडीच्या एका तासात किती प्रवासी". मालक लोक ॲव्हरेजवरून ड्रायव्हरशी भांडतात, आणि या दोन आकड्यांकडं कुणाचं लक्षच नसतं.

म्हणजे जीपीएस बसवलं की हे पैसे वाचतील?

नाही. जीपीएस फक्त दाखवतं. रोज संध्याकाळी दहा मिनिटं बसून तो नकाशा पाहणारा आणि दुसऱ्या दिवशीचा रूट बदलायचा अधिकार असलेला माणूस तुमच्याकडं असेल तरच पैसे वाचतात. नाहीतर ऑफिसच्या भिंतीवर टीव्ही लागतो, त्यावर गाड्या फिरताना दिसतात, पाहुण्यांना दाखवायला बरं वाटतं.

आधी फुकटात चाचणी घ्या. व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन एका वेळी आठ तासांपर्यंत चालू ठेवता येतं, म्हणजे साधारण एक ड्युटी. जोडीला गुगल शीटमध्ये प्रत्येक फेरीची चढण्याची वेळ, उतरण्याची वेळ आणि मीटरचं रीडिंग. दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट होतं. या दोन आठवड्यांत तुमच्या माणसांकडून साधं शीट भरून होत नसेल, तर महागडं सॉफ्टवेअरही पडूनच राहणार.

रिकामे किलोमीटर कमी कसे करायचे?

एक उदाहरण घेऊ. शाळा राजारामपुरीत आहे, गाड्या दोन. मुलं कसबा बावडा, लाइन बाजार, कदमवाडी, फुलेवाडी, रंकाळा आणि कळंबा भागातली. बऱ्याच ठिकाणी मुलांची वाटणी प्रवेशाच्या क्रमानं झालेली असते. ज्या वर्षी पहिली गाडी आली त्या वर्षीची मुलं पहिल्या गाडीत, नंतरची दुसऱ्या. मग एकच गाडी फुलेवाडीचं एक मूल घेते आणि दसरा चौक ओलांडून बावड्याला जाते. दुसरी गाडी कळंब्याहून निघून कदमवाडी गाठते. दोन्ही गाड्या सकाळच्या गर्दीत गावाला आडवा छेद देतात, आणि "रूट पहिल्यापासून असाच आहे" म्हणून कुणी विचारत नाही.

सगळी घरं नकाशावर टिंबं लावून बघितली की दोन झुबके आपोआप दिसतात. फुलेवाडी, रंकाळा, कळंबा एका गाडीला. बावडा, लाइन बाजार, कदमवाडी दुसरीला. एवढ्याला सॉफ्टवेअर लागतही नाही. ते लागतं प्रवासी पंचवीस-तीसच्या पुढं गेले, प्रत्येकाची वेळ वेगळी असली आणि रोज चार-पाच नावं बदलत असली की. तेव्हा कुठल्या गाडीनं कुणाला कुठल्या क्रमानं उचलायचं याच्या शक्यता इतक्या होतात की अनुभवी माणसाचंही डोकं चालेनासं होतं, आणि संगणक काही सेकंदांत बऱ्यापैकी चांगला क्रम काढून देतो.

रात्री गाडी कुठं उभी राहते हेही बघा. पश्चिमेकडच्या रूटचा ड्रायव्हर फुलेवाडीतच राहत असेल आणि गाडी मात्र रोज उचगावच्या शेडमध्ये लावून तो दुचाकीवर घरी जात असेल, तर सकाळ-संध्याकाळ अख्ख्या गावाचा रिकामा फेरा तुम्हीच विकत घेताय. गाडी त्याच्या दारात उभी करू द्या. गैरवापराची धास्ती असेल, तर जीपीएसचा खरा उपयोग इथं आहे: रात्री गाडी हलली की तुमच्या मोबाइलवर मेसेज येतो.

पत्त्यांबद्दल थोडं. मंगळवार पेठ, शिवाजी पेठ इथल्या काही बोळांत ट्रॅव्हलर शिरत नाही, आणि शिरली तर वळत नाही. म्हणून यादीत घराचा पत्ता वेगळा आणि गाडी थांबण्याची जागा वेगळी लिहा, दुसरीचं लोकेशन सेव्ह करा. नवा ड्रायव्हर आल्यावर "तालमीच्या पुढं, पिठाच्या गिरणीजवळ" असं फोनवर समजावण्यात सकाळची किती मिनिटं जातात, ते फोन उचलणाऱ्या ताईंना विचारा.

व्हीलचेअरचे प्रवासी असले की सगळं वेळापत्रक कोलमडतं. सॉफ्टवेअरला हे कळतं का?

सांगितलं तर कळतं. रूट लावणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक थांब्यावर लागणारा वेळ टाकता येतो. कंपनीचा माणूस सगळ्यांना सरसकट दोन मिनिटं टाकून निघून जातो, आणि पहिल्याच दिवशी गाडी अर्धा तास मागं पडते. रॅम्प उघडणं, खुर्ची आत घेणं, चारही कोपऱ्यांचे पट्टे आवळणं, माणसाचा स्वतंत्र बेल्ट लावणं याला सवयीच्या ड्रायव्हरलाही पाच ते दहा मिनिटं लागतात. प्रवासीनिहाय खरा वेळ मोजा आणि तोच टाका. पट्ट्यांची घाई करून वेळ वाचवायला मात्र कुणाला सांगू नका.

आसनक्षमताही दोन प्रकारे भरावी लागते. एक व्हीलचेअर आली की दोन-तीन सीट दुमडाव्या लागतात. ज्या सॉफ्टवेअरला हे समजत नाही ते दारापर्यंतच्या सेवेसाठी घेऊच नये.

डायलिसिसच्या पेशंटचं जाणं वेळेवर होतं, येण्याचा पत्ता नसतो. काय करायचं?

या सेवेत पैसा गळण्याची सर्वांत मोठी जागा ही, आणि इथं घाईनं काटछाट करणंही वाईट. डायलिसिस बहुधा आठवड्यातून दोन-तीनदा, एका वेळी साधारण चार तास. जाण्याची वेळ पक्की असते. येताना सुई काढल्यावर रक्त थांबायला कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. बीपी उतरलं तर झोपवून ठेवतात. म्हणून ड्रायव्हर दारात थांबून राहतो, किंवा निघून जातो आणि पेशंट बाहेरच्या बाकावर ताटकळतो.

उपयोगी पडलेली पद्धत साधी आहे. येण्याची फेरी घड्याळाला बांधू नका. मशीन बंद झाल्यावर सेंटरमधल्या सिस्टरनं किंवा नातेवाइकानं एक मिस्ड कॉल द्यायचा. त्या क्षणी कुठली गाडी जवळ आहे हे जीपीएसवर बघून तीच वळवायची. मशीन बंद होणं आणि पेशंट दारात येणं यात जो वेळ जातो, तेवढ्यात शहरातली गाडी पोचते. सेंटर तयार असेल तर एकाच भागातल्या दोन पेशंटना एकाच शिफ्टमध्ये बसवायची विनंती करा. त्यानं जेवढे किलोमीटर वाचतात तेवढे कुठल्याही यंत्रानं वाचणार नाहीत.

एक पथ्य: डायलिसिस झालेल्या माणसाला चार घरं फिरवत शेवटी सोडायचं नाही. सॉफ्टवेअर किलोमीटर वाचवायला तसंच सुचवेल. "गाडीत जास्तीत जास्त किती मिनिटं" ही मर्यादा त्या नावापुढं टाकून ठेवा.

गाडी दारात गेल्यावर "आज नको" म्हणतात. दंड लावावा का?

दंडापेक्षा आदल्या संध्याकाळचा मेसेज जास्त काम करतो. "उद्या ८.१० ते ८.३० दरम्यान गाडी येईल. येणार असाल तर १ दाबा." आजी-आजोबांना मेसेज वाचता येत नसेल तर मराठीत रेकॉर्ड केलेला कॉल लावता येतो. गाडी दोन थांबे मागं असताना दुसरा कॉल गेला की लोक चपला घालून तयार असतात. प्रत्येक दारातली तीन-चार मिनिटं वाचतात.

वेळ ठरवतानाही थोडी घासाघीस करावी. अमेरिकेतल्या नियमात सेवा देणारा प्रवाशाशी बोलून उचलण्याची वेळ तासभर मागं-पुढं ठरवू शकतो. आपल्याकडं आपण मागितलेली वेळ मुकाट लिहून घेतो. "काकू, साडेदहाऐवजी दहाला चालेल का? शेजारच्या गल्लीत गाडी येणारच आहे," एवढं विचारलं की बरेच जण हो म्हणतात. दवाखान्याची अपॉइंटमेंट असेल तिथं अर्थातच नाही.

डिझेलचोरीसाठी टाकीत सेन्सर बसवावा का?

चोरीचा ठोस संशय असेल तर. सेन्सर बसवल्यावर टाकी थोडी थोडी भरत त्याचं माप जुळवावं लागतं, ते नीट केलं नाही तर आकडे निरर्थक येतात. चढ-उताराला टाकीतलं डिझेल हिंदकळतं; पन्हाळ्याच्या चढावर "पाच लिटर गायब" असा मेसेज आला म्हणून ड्रायव्हरवर आळ घेऊ नका. दोन-तीन गाड्या असतील तर टाकी फुल टू फुल भरून, जीपीएसच्या किलोमीटरशी पावती ताडली तरी पुरतं.

मेंटेनन्सचा खर्च यानं खरंच कमी होतो?

होतो, पण सर्व्हिसची आठवण नुसत्या किलोमीटरवर लावू नका. इंजिन किती तास चाललं त्यावरही लावा. शहरात थांबत-थांबत चालणाऱ्या गाडीचे किलोमीटर कमी आणि इंजिनाचे तास जास्त असतात.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांचं आणखी एक दुखणं आहे. सायलेन्सरच्या वाटेत काजळी धरणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. ती काजळी जाळायला इंजिन बराच वेळ चांगलं गरम राहावं लागतं. दिवसभर राजारामपुरी ते शाहूपुरी करणाऱ्या गाडीला ती संधीच मिळत नाही. फिल्टर चोंदतो, दिवा लागतो, गाडीची ताकद जाते आणि शोरूमचं बिल डोळे पांढरे करतं. ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकातली माहिती वाचायच्या सॉकेटला) जोडलेलं उपकरण ही काजळी किती साठली ते काही गाड्यांत आधीच सांगतं. तसं झालं की किणीच्या दिशेनं हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं एका चालीत नेऊन आणा, टोलनाक्याच्या अलीकडून वळा. हे रिकामे किलोमीटर मात्र बिनधास्त करावेत. गाड्या आलटून-पालटून लांबच्या रूटला लावल्या तर तेही लागत नाहीत.

ड्रायव्हर म्हणतात, "आमच्यावर पाळत ठेवताय." काय उत्तर द्यायचं?

त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. पहिल्याच आठवड्यात "चहाला अठरा मिनिटं का थांबलास?" असा फोन गेला की उपकरणाची वायर सुटायला सुरुवात होते. पहिला महिना कुणाला काही बोलू नका. नंतर आकडे ड्रायव्हरसमोरच ठेवा आणि कुठला थांबा बदलावा हे त्यालाच विचारा; गल्ल्या त्याला माहीत असतात. वाचलेल्या डिझेलचा ठरलेला हिस्सा पगारासोबत द्या.

जीपीएस ड्रायव्हरच्या बाजूनंही बोलतं. "गाडी आलीच नाही" अशी तक्रार आली की तो किती वाजता दारात होता हे दिसतं. कामगार कायद्यानुसार दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे. ती ओलांडली जात असेल तर तेही त्याच नोंदीत उमटतं, आणि ते मालकाला आवडेलच असं नाही.

सरकारी नियमाप्रमाणे जीपीएस लागतंच ना? मग वेगळं कशाला?

केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२५-एच प्रमाणे प्रवासी वाहतुकीच्या परवान्यावरच्या गाड्यांना ठिकाण सांगणारं उपकरण आणि आपत्कालीन बटण लागतं. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी झालेल्या नव्या गाड्यांना ते सुरुवातीपासूनच बंधनकारक आहे. रिक्षासारख्या तीनचाकींना सूट आहे. हे उपकरण एआयएस-१४० या मानकाचं असावं लागतं. तुमच्या गाडीत ते आधीच असेल तर त्याच्याच माहितीवर तुमचं सॉफ्टवेअर चालतं का हे पुरवठादाराला विचारा. एकाच गाडीत दोन-दोन उपकरणं आणि दोन-दोन सिमचं रिचार्ज भरणारे मालक दिसतात.

वडापवाल्यांसाठी: कंत्राटी परवान्यावर वाटेत टप्प्याटप्प्यानं माणसं चढवणं-उतरवणं बसत नाही. प्रत्येक थांबा नोंदवणारं यंत्र घेण्याआधी आपला परवाना काय म्हणतो ते वाचून घ्या.

पुरात आणि नवरात्रात हे सगळं चालतं का?

नुसत्या गुगलवर विसंबून नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवेही बंद पडला होता. आंबेवाडी-चिखली, केर्लीकडचे प्रवासी त्याच्या बऱ्याच आधी अडकतात. म्हणून पातळी ३९ कडं सरकू लागली की वापरायची यादी आधीच तयार ठेवा: कुठल्या थांब्यांवर लाल खूण, कुठला डायलिसिसचा पेशंट आधीच गावात नातेवाइकांकडं हलवायचा. रूट सॉफ्टवेअरमध्ये बंद रस्ते हातानं खोडता येतात. ज्यात ते खोडता येत नाहीत ते सॉफ्टवेअर कोल्हापुरात कामाचं नाही.

नवरात्रात अंबाबाईच्या देवळाभोवतीचे रस्ते वाहनांना बंद होतात. त्या दहा दिवसांचा वेगळा रूट सेव्ह करून ठेवा.

पालकांना गाडीची लिंक द्यावी का?

द्यावी, "गाडी कुठं आहे" असे फोन एकदम कमी होतात. पण लिंक फक्त त्यांच्या मुलाच्या गाडीची आणि फक्त फेरीच्या वेळेपुरती. सगळ्या मुलांची नावं, घरं आणि आजार लिहिलेली यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं बंद करा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे; प्रवेशाच्या फॉर्ममध्येच ती घ्या.

आता सांगा, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?

नाव सांगण्यापेक्षा विक्रेत्याला काय विचारायचं ते सांगतो. करार संपला तर माझ्या जुन्या नोंदी एक्सेलमध्ये मिळतील का? उपकरण माझ्या मालकीचं की भाड्याचं? सिम कुणाच्या नावावर? राधानगरीच्या वाटेवर नेटवर्क गेलं तर नोंद उपकरणात साठून नंतर येते का? ड्रायव्हरचं ॲप मराठीत आहे का? दुरुस्तीला माणूस कोल्हापुरातून येणार की पुण्याहून? पहिल्या प्रश्नाला "बघू, करून देऊ" असं उत्तर आलं तर चहा पाजून निरोप द्या.

संस्थेत संगणकाचं जाणणारा कुणी स्वयंसेवक असेल तर ट्रॅकार हे मुक्त सॉफ्टवेअर आहे; बाजारातली बहुतेक उपकरणं त्याला जोडता येतात, परवान्याचे पैसे लागत नाहीत. सर्व्हर आणि सिमचा खर्च राहतोच. तो स्वयंसेवक गाव सोडून गेला तर पासवर्ड कुणाकडं, हे मात्र आधी ठरवा.

इलेक्ट्रिक गाडी घेतली तर एवढी उठाठेव कशाला?

रिकामा किलोमीटर स्वस्त होतो, पण तो बॅटरीच्या चार्जमधून जातो. दुपारी बॅटरी संपत आली की पेशंट घ्यायचा की गाडी चार्जिंगला लावायची, हा प्रश्न येतो. इलेक्ट्रिकला रूट नीट लावणं जास्तच गरजेचं.

माझी एकच इको व्हॅन आहे. सॉफ्टवेअर घेऊ का?

नको. वही, फोन आणि आदल्या रात्रीचा मेसेज एवढ्यावर एक गाडी व्यवस्थित चालते. दुसरी गाडी घ्यायची वेळ आली की आधी पहिलीचे रिकामे तास मोजा. पुष्कळदा दुसरी लागतच नाही.